सगळ्यात मागे कोण?

१

फक्की मारण्याचं काम आनंदचं. आनंद माझा धाकटा भाऊ. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये पेंगायचा आणि शनिवारी माझ्या हाताखाली राबायचा. मैदानावर रेघा आखायला वापरतात त्या चुन्याच्या पुडीची गोणी मोटारसायकलच्या टाकीवर आडवी टाकायची, वारज्याच्या मागचा डोंगर चढायचा आणि वरच्या खिंडीपासून थेट खाली शहरापर्यंत पायवाटेवर पांढरे बाण काढत यायचं. रविवारी पहाटे त्या बाणांवरून आमची माणसं पळायची.

मी परदेशातून नुकतीच परतले होते. शिकायला होते ते कोलोरॅडोतल्या डोंगरातलं एक एवढंसं गाव. तिथे दर उन्हाळ्यात डोंगरातली मॅरेथॉन भरायची आणि त्या दिवशी सगळं गाव तिची चाकरी करायचं. पोस्टमास्तर पाणी वाटायचा, शाळेच्या बाई शेवटच्या धावणाऱ्यासाठी संध्याकाळपर्यंत घंटा घेऊन उभ्या राहायच्या. ते पाहताना मनात यायचं : आपल्याकडे डोंगर दाराशी आहेत आणि आपण त्यांचे फक्त भाव विचारतो. परतले ती हेच मनात घेऊन. हिंजवडीतल्या खुर्च्यांवर आखडून गेलेली माझ्या वयाची माणसं आणि डोंगरावरचं, शहराने अर्धं गिळलेलं निवडुंगे गाव, यांनी एक दिवस तरी एकाच वाटेवर यावं, एवढंच मला हवं होतं. टी-शर्टवर छापायचं वाक्यही ठरलं होतं : कुणीही मागे राहणार नाही.

मार्ग असा होता. वारज्यातल्या शाळेच्या मैदानावरून निघायचं, चढ चढून निवडुंगे, तिथून वर खिंड, खिंडीपलीकडच्या दरीला मोठा वळसा आणि पुन्हा त्याच खिंडीतून गावात, गावातून मैदानावर.

अडचण एकच होती. खिंड आणि गाव यांच्यामधले बाण रविवारी सकाळी नसायचे.

आधी वाटलं, वारा. पण वाऱ्याने पूड उडते तेव्हा कडा विरतात, मधली रेघ राहते. इथे काहीच राहत नव्हतं. मातीवर बारीक बारीक ओरखडे असायचे, एकाच दिशेने, वरून खाली, अगदी गावापर्यंत. त्यात ना गुरांचे खूर, ना चपलांचे ठसे. सकाळची ती वाट कुणी कधी चाललंच नसावं अशी दिसायची.

एका सरावात आमच्यातली एक, रुपाली, बाण न दिसल्याने चुकीच्या घळीत उतरली आणि दगडखाणीच्या काठावर जाऊन थांबली. खाली पाहून ती मटकन बसली. पुढे बराच वेळ ती हसत होती, पण काठापासून उठत नव्हती. त्याच दिवशी मी ठरवलं, गावात जाऊन बोलायचं.

२

निवडुंग्यात ज्यांच्याकडे जायला सांगितलं, त्या यमुनाबाईंचं घर म्हणजे नवा बंगला. जमीन बिल्डरला गेली होती, तिच्या बदल्यात ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि दारात पांढरी स्कॉर्पिओ आली होती. मागच्या गोठ्यात मात्र गुरं होती आणि खिंडीपलीकडे थोडं रान अजून राखलेलं होतं. सगळं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांचे दीर गेनबा ओसरीवर पेपर वाचत बसले होते.

आनंदही माझ्याबरोबर होता. मी बाणांचं सांगितलं. रुपालीचं सांगितलं. यमुनाबाई म्हणाल्या, "मंग फांदी ओढल्यावर राहत्याल कसे?"

"कसली फांदी?"

"खिंडीतनं सांजचं जो सगळ्यात मागं येतो, त्यानं फांदी ओढत यायची. गावापत्तूर."

"कशासाठी?"

त्यांनी गेनबांकडे पाहिलं. गेनबांनी पेपर खाली केला. "आता कशासाठी म्हंजे काय? तुमी जेवून उठल्यावर ताटात पानी का फिरवता? तसंच."

तेव्हा मला आठवलं, या गावातल्या पोरांच्या मोटारसायकलींना मागे फांदी बांधलेली मी पाहिली होती. एकदा तर ही समोरची स्कॉर्पिओच. गाडी बंद पडली की ट्रकवाले डहाळी लावतात, तसंच काही असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला होता.

मी बोलत राहिले. मला बोलता येतं, आणि त्या दिवशी मी मनापासून बोलत होते. शेकडो माणसं येतील, ती या वाटेवर नवी असतील, एक बाण पुसला तर कुणाचा तरी जीव जाईल. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, फक्त त्या एका संध्याकाळी, फांदी ओढू नका.

यमुनाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "बरं. शनवारी आमी कुनी खिंडीपल्याड जातच न्हाई. गुरं दारात बांधतो. मंग तर झालं? पन रविवारी तुमची मान्सं येनार. त्यात सगळ्यात मागं कोन?"

"माझा भाऊ," मी आनंदच्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटच्या धावणाऱ्याच्याही मागे राहायचं, कुणी सुटलं नाही ना बघायचं, हेच त्याचं काम."

"मंग यानं ओढावी. याच्यामागं बानांची गरज कुनाला न्हाई."

मला बरंच वाटलं. आमची शिस्त आणि गावाची रीत एका जागी येत होती. मी लगेच हो म्हटलं.

"लगीन झालंय का रं?" त्यांनी आनंदला विचारलं.

"नाही अजून. का, स्थळ आहे?"

"न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या. "नुसतं इचारलं."

गेनबा हसले. त्या हसल्या नाहीत.

३

शर्यतीची सकाळ मला अजून लख्ख आठवते. अंधार विरत असताना मैदानावर पांढऱ्या टी-शर्टांचा एकच लोट हलला आणि डोंगराकडे निघाला. निवडुंग्याच्या बायका पाण्याच्या पिंपांपाशी उभ्या होत्या, पोरं धावणाऱ्यांच्या बाजूने अनवाणीच पळत होती. कोलोरॅडोतली घंटा मला आठवली. मनात म्हटलं, जमलं की.

आनंदने आदल्या दिवशी उरलेली फक्की वाया जाऊ दिली नव्हती. शर्यतीनंतर स्वयंसेवकांना आमच्याकडे मिसळ होती, म्हणून मैदानापासून आमच्या सोसायटीपर्यंत, फाटकातून आत, आणि जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत त्याने बाण काढले होते. शेवटचा बाण उंबऱ्याला टेकलेला. आई म्हणाली होती, "बरं झालं. मला माझं घर सापडत नव्हतंच."

टळटळीत दुपार झाली. बहुतेक सगळे परतले होते. मैदानावर केळ्यांच्या साली, डुलक्या काढणारे लोक. आनंदचा फोन आला.

"ताई, माझ्यामागे कुणी राहिलंय का गं?"

"तुझ्यामागे कोण असणार? तूच शेवटचा."

"ते माहितीये. पण दरीत कुणी बसून राहिलं असेल, माझ्या नजरेतून सुटलं असेल?"

मी माइकवरच्या मुलाला विचारलं, दरीतल्या पाण्याच्या टेबलावरच्यांना फोन लावला. सगळे पुढे गेले होते. फक्त रावसाहेब नावाचे एक निवृत्त बँकवाले गृहस्थ उरले होते आणि ते आनंदबरोबरच होते. तसं मी त्याला सांगितलं.

"का रे?"

"पावलं वाजतायत मागे."

"खिंडीत आहेस ना? आवाज घुमतो तिथे."

"हो, घुमतो." त्याने आवाज खाली आणला. "पण ताई, घुमणारा आवाज आपण थांबलो की थांबतो ना? हा एक पाऊल जास्त टाकतो आणि मग थांबतो."

उन्हात इतके तास चाललं, मीठ कमी पडलं की डोकं असे खेळ करतं. हे मी वाचलं होतं, स्वतः अनुभवलंही होतं. त्याला म्हटलं, मीठ-साखरेचं पाणी पी आणि बोलत राहा.

"बोलतोच आहे. रावसाहेब काकांच्या पोटरीत गोळे आलेत, त्यांना धरून आणावं लागेल. फांदीचं काय करू?"

"टाक ती! आधी माणूस आण."

"टाकू ना? नक्की?"

"अरे टाक म्हणते ना."

फोनवर पानांचा आवाज आला. त्याने ती कशाला तरी टेकवून ठेवली असावी, फेकली नाही. तो नेहमी वस्तू नीट ठेवतो.

४

ते आले तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. अंतिम रेषा पुसट झाली होती, ती मी घाईघाईने पुन्हा फक्कीने आखली होती. रावसाहेबांचा हात आनंदच्या गळ्यात. लोक टाळ्या वाजवत होते, मी रडत होते. कुणीही मागे राहिलं नव्हतं.

रावसाहेबांना खुर्चीत बसवलं. पोटरीला बर्फ लावून घेत ते म्हणाले, "व्यवस्था चांगली होती. एक सूचना करू का? राग मानू नका. मागे जो मुलगा ठेवलाय त्याला जरा बोलायला शिकवा."

"आनंद बोलला नाही तुमच्याशी?"

"आनंद? त्याने तर कान किटवले माझे. मी त्याच्या मागच्याबद्दल बोलतोय. सबंध उतार आमच्या पाठीशी. मी दोनदा म्हटलं, बाबा रे, पुढे हो, आमच्यासाठी अडू नकोस. हूं नाही की चूं नाही."

"कसा होता दिसायला?"

"अहो, मला मान वळवता येत असती तर तुमच्या भावाच्या खांद्यावरून आलो असतो का?"

मी आनंदकडे पाहिलं. सगळे टेकले होते, तो मात्र मैदानाच्या कडेने चालत होता. थांबत नव्हता. कुणी पाठीवर थाप मारायला मागून गेलं की त्याचा चेहरा क्षणभर सैल व्हायचा. ते माणूस बाजूला झालं की पुन्हा तसाच.

मी अंतिम रेषेपाशी गेले. ताज्या पांढऱ्या पुडीत रावसाहेबांच्या बुटाचा फरफटलेला ठसा होता, त्याला लागून आनंदच्या बुटाचा. त्यांच्यावर, त्यांच्या नंतर उमटलेला, एक अनवाणी पाय होता. बोटं फाकलेली, लांब. टाच जवळजवळ नव्हती.

निवडुंग्याची पोरं अनवाणी पळत होतीच. मी बुटाने तो ठसा पुसला आणि रेषेची दोरी गुंडाळायला घेतली.

५

मिसळ झाली, हसणं-खिदळणं झालं, लोक गेले. संध्याकाळी मी जिन्यातले बाण ओल्या फडक्याने पुसून काढले. फरशी स्वच्छ झाली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर बाण जिथल्या तिथे. फिकट, पण सगळेच्या सगळे.

हे मात्र सरळ होतं. चुना ओला असताना दिसत नाही, वाळला की पुन्हा पांढरा फुटतो. मी पुन्हा पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले. आई म्हणाली, "तुझ्या मॅरेथॉनला आमचा जिनाच सापडला का? वरच्या कांताबाई विचारत होत्या, तेजूने काही व्रत घेतलंय का म्हणून."

मला फक्कीचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते आनंदचं.

तो घरात भिंतीला पाठ लावून बसायचा. जेवतानासुद्धा. बसमध्ये अगदी मागची सीट धरतो, असं त्यानेच सांगितलं. तिथे पाठीमागे पत्रा असतो, तेवढी झोप लागते. बस ते ऑफिस आणि ऑफिस ते बस एवढंच चालणं, पण तेवढ्यात त्याचा शर्ट भिजायचा. रात्री अंथरुणावर तो उताणा पडून छताकडे बघत असायचा. आठवडाभरातच त्याची गालफडं वर आली. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं, रक्त तपासलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळी घेऊनही तो जागाच. म्हणाला, "झोपलो तर कूस वळेन ना."

एकदा तो आणि आई भाजी घेऊन जिना चढत होते. मी वर दारात उभी होते. आई गुडघ्यांमुळे मागे पडली आणि मला दिसलं, आनंदचे खांदे खाली आले, त्याने किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. तो गर्रकन खाली गेला, आईला जवळजवळ ढकलतच पुढे घातलं आणि स्वतः मागे झाला.

"अरे, पडेन मी! काय चाललंय तुझं?"

"तू पुढे हो आई. तू माझ्यामागे यायचं नाहीस. कधीच."

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं मला कळलं. जो सगळ्यात मागे असेल, त्याच्या मागे ते असतं. त्याने मला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे त्याला माहीत होतं.

मी शिकलेली बाई आहे. स्वतःला मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. थकव्याचा धक्का, सूचनेचा परिणाम, रावसाहेबांच्या बोलण्याने मनात रुजलेली भीती. सगळ्या पटण्यासारख्या होत्या. पण भाऊ रोज झिजत होता आणि त्या गोष्टींनी त्याचं वजन पावशेरानेही वाढत नव्हतं.

६

पुढच्या रविवारी उजाडताच मी स्कूटर काढून निवडुंग्याला गेले. यमुनाबाई गोठ्यात धार काढत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"ब्येस झाली म्हनं शर्यत," त्या म्हणाल्या. "फांदी ओढली ना पोरानं?"

"खिंडीतच टाकली. एका माणसाला आधार द्यायचा होता. मीच सांगितलं, टाक म्हणून."

चरवीतला आवाज थांबला. गेनबा ओसरीवरून उठून आले, आज पेपर हातात नव्हता.

"काय करायचं आता?" मी विचारलं.

यमुनाबाईंनी चरवी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता त्या काहीतरी सांगतील. नवस, नारळ, कोंबडं, काहीही. मी सगळ्याला तयार होते. माझी सगळी पुस्तकं मी त्या गोठ्याच्या दारात ठेवायला तयार होते.

"पोरी, आमाला कसं ठावं असनार?" त्या म्हणाल्या. "आमच्यात कुनी टाकलीच न्हाई."

"म्हणजे कधीच?"

"माज्या सासूनं न्हाई, तिच्या सासूनं न्हाई. टाकल्यावर काय हुतं ते बघायला कोन टाकतंय?"

गेनबा खाकरले. "तुमची ती फांदी तिथंच हाय. खडकाला टेकवून ठेवल्याली. वाळली. आमी कुनी हात न्हाई लावला."

मी निघाले. फाटकापाशी यमुनाबाई मागून आल्या, निरगुडीची एक लांब फांदी काडकन मोडली आणि स्कूटरवर माझ्या पायांशी आडवी ठेवली. "उपेग हाय का न्हाई, सांगता न्हाई यायचं," त्या म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला : "शनवारी गुरं दारात बांधली ती चूक झाली गं. आमी आपलं ओढायला पायजे हुतं."

उतरताना मी विचार करत होते. जे वाटेने आलं, ते वाटेने परत नेता येईल. कुणीतरी पुढे चालायला हवं, एवढंच. आणि खिंडीतून परत येताना हातात फांदी हवी. यात अतार्किक काही नव्हतं. मी मार्गच तर आखत होते.

वारज्याच्या चौकात सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, गाडी बंद पडायच्या आधीच फांदी घेतलीत होय?"

७

आनंदला मी खाली बोलावलं. फिरून येऊ म्हटलं. तो आला, भिंतीला घासत, एकेक पायरी. फाटकापर्यंत गेलो आणि मी म्हटलं, "पाकीट विसरले. चल वर." तो नेहमीसारखा मागे व्हायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"तू पुढे हो."

"ताई, नको."

"आनंद, पुढे हो म्हणते ना."

"तुला माहीत नाही कसं असतं ते."

"मला पळता येतं," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा बरं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं. तो वळला आणि चढू लागला. मी दोन पायऱ्या अंतर ठेवून त्याच्यामागे, खांद्यावर फांदी. पहिल्या मजल्यावर काही नाही. दुसऱ्या मजल्यावर आनंदचे खांदे खाली आले. तो थांबला, मोठा श्वास घेतला. मी थांबले.

खाली एक पाऊल पडलं. मग तेही थांबलं.

हलकं होतं. ओल्या कापडासारखं.

जिन्याच्या वळणावर विजेच्या मीटरांची पत्र्याची पेटी आहे. नव्या रंगाने तिची दारं चकचकीत झालेली. मी वळले नाही. मी फक्त पेटीकडे पाहिलं. पत्र्यात माझा गुडघा दिसत होता, त्याखाली मी नुकतीच सोडलेली पायरी, आणि त्या पायरीकडे येणारा एक पाय. घोट्यापर्यंत पांढरा. तो पायरीवर सरळ पडला नाही. आधी बोटांनी कड चाचपली, मागेपुढे, पायरी म्हणजे काय हे ठाऊक नसल्यासारखी. मग लांब बोटं कडेभोवती वळली आणि घट्ट बसली.

त्याच्या वर काय होतं ते पेटीत मावत नव्हतं. मी त्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि देव मी कित्येक वर्षांत आठवला नव्हता.

आईने दार उघडलं. आनंद आत गेला आणि तसाच, बूट न काढता, मधल्या खोलीत जमिनीवर आडवा झाला. कुशीवर. दाराकडे पाठ करून.

"तू येतेयस ना आत?" आई म्हणाली. "मागे आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. दार लाव."

"आणि हे झाड कुठे घेऊन निघालीस?"

"आई, दार लाव."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग मी फिरले, डोळे मिटून, कठड्याला धरून. गालाला चुन्याचा आणि ओल्या मातीचा वास घासून गेला. मी जिना उतरले आणि पळायला लागले.

८

तो मार्ग मला पाठ होता. सोसायटीचं फाटक, शाळेचं मैदान, पाण्याची टाकी, मग चढ. रविवारची सकाळ होती, लोक इडली आणायला निघाले होते, कुणीतरी ओळखून हात केला. मी वेग ठेवला. फार जोरात पळाले तर ते मागे राहील, आणि मागे राहिलं तर कुणाच्या तरी मागे लागेल. म्हणून मी तसं पळाले जसं थकलेल्या माणसाला सोबत देताना पळतात. माझ्या प्रत्येक पावलानंतर ते एक पाऊल. दम लागत होता तो फक्त मला.

निवडुंग्यात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. यमुनाबाईंचं दार बंद. सगळ्यांचीच दारं बंद. गोठ्यातली गुरं माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामागे बघत होती, आणि मी पुढे जाईन तशा त्यांच्या माना थोड्या उशिरा वळत होत्या.

चढावर फोन वाजला. आई होती. "तेजू, आनंद घोरतोय गं. पोटात गुडघे घेऊन, लहानपणी झोपायचा तसा. मी पांघरूण घातलंय. तू कधी येतेस?"

"येते," मी म्हटलं. "त्याला उठवू नकोस."

खिंडीत पोहोचले तेव्हा ऊन झालं होतं. पलीकडे दरी, तिच्यावर वाफेसारखी हवा. मी खिंडीच्या पार पलीकडच्या टोकापर्यंत गेले आणि उभी राहिले. मागे एक पाऊल पडलं, माझ्या अगदी जवळ. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग, असं मला वाटलं, ते माझ्या डावीकडून पुढे गेलं. दरीच्या बाजूचं गवत थोडं वाकलं. वाराही असेल.

मी फांदी खांद्यावरून काढली, जमिनीला टेकवली आणि न बघता परत फिरले. खसखस, खसखस. पानं मातीवरून घासत येत होती. पावलं नव्हती. फक्त माझी होती, आणि तीही मागच्या मागे पुसली जात होती. पावलांऐवजी तो आवाज ऐकताना मला हसू यायला लागलं. आता फक्त गावापर्यंत. एवढंच करायचं होतं, रोज एवढंच करत होती ती माणसं.

खिंडीच्या अलीकडच्या तोंडाशी तो खडक आहे. आनंदने त्याची फांदी ज्याला टेकवून ठेवली होती तो. त्याच्या पायथ्याशी मातीवर वाळलेली पानं पडली होती, कुणी काही उचलून नेताना पडतात तशी. फांदी तिथे नव्हती.

गेनबांनी नेली असेल. गुराख्याने चुलीला नेली असेल. मी चालत राहिले. खसखस. खसखस.

उताराच्या पहिल्या वळणावर मी थांबले. माझी फांदी थांबली.

मग मागे, वरच्या अंगाला, वाळलेली पानं मातीवरून एकदा ओढली गेली, आणि थांबली.

खाली गाव दिसत होतं, गावाच्या खाली शहर, आणि शहरात एका घरात माझा भाऊ दाराकडे पाठ करून झोपला होता. मी वळून पाहिलं नाही. गावाकडची वाट सोडली आणि रुपाली चुकून उतरली होती त्या, दगडखाणीच्या काठावर संपणाऱ्या घळीकडे वळले.